फिरते, पण सुरू होत नाही!



गेल्या वर्षीच्या १ ऑगस्टची गोष्ट. लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त बेळगावात एक वक्तृत्वस्पर्धा होती. आपल्या शाळेच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन मी माझ्या जुन्या मोटारीने निघालो होतो. जांबोटीच्या बाजूचा श्रावणातला पाऊस कसा असतो, हे तुम्हांला सांगावयास नको. एके ठिकाणी रस्त्यावरून गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी वाहत होते; त्यातून गाडी सुखरूप बाहेर पडली. पुढे एका टपरीपाशी चहासाठी आम्ही वीस मिनिटे थांबलो. परत येऊन किल्ली फिरवली, तो इंजिन घरघर फिरू लागले. परंतु सुरू काही होईना.

मी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि माझा धीर सुटत होता. मी किल्ली सोडीनाच. दहा मिनिटांत ती घरघर मंदावली, मग एक नुसता 'टक्' असा आवाज आला, आणि बॅटरी संपली. मुलींना मी मागून आलेल्या बसमध्ये बसवून दिले. त्या सभागृहात पोचल्या, तेव्हा शेवटचा वक्ता व्यासपीठावरून उतरला होता आणि परीक्षक गुणांची बेरीज करीत होते. महिनाभर पाठ केलेले, घासून पुसून लख्ख केलेले ते भाषण तसेच राहिले.

इकडे टपरीवाल्याने जवळच्या गावातून एका वयस्क मेस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी मला दोनचार प्रश्न विचारले, इंजिनावरचे एक लहानसे झाकण काढले, ते कोरड्या फडक्याने पुसले, एका जीपच्या बॅटरीतून वीज घेतली, आणि गाडी सुरू केली. सारे काम दहापंधरा मिनिटांचे.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या दोघींपैकी नववीतल्या मुलीने विचारले, "सर, मेस्त्रींनी काय केलं?" मी म्हणालो, "झाकण पुसलं." त्यावर ती म्हणाली, "पण सर, झाकणच पुसायचं, हे त्यांना कसं कळलं?"

गेली कित्येक वर्षे मी विज्ञान शिकवितो. परंतु या प्रश्नाला त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. पुढे त्या मेस्त्रींकडे मुद्दाम जाऊन, विचारून, पाहून जे समजले, ते येथे मांडीत आहे. त्या मुलीचे भाषण मी परत देऊ शकत नाही. निदान तिच्या प्रश्नाचे उत्तर तरी द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम 'फिरणे' आणि 'सुरू होणे' यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पेट्रोलचे इंजिन चार ठोक्यांत काम करते. पहिल्या ठोक्यात दट्ट्या खाली येतो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्यात दट्ट्या वर जाऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडून ते पेटते व दट्ट्याला जोराने खाली ढकलते. चौथ्यात जळालेला वायू बाहेर जातो. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये या तत्त्वावरील इंजिन यशस्वी करून दाखविले. या चार ठोक्यांपैकी शक्ती देणारा ठोका एकच, तोही तिसरा. त्याच्या आधीचे दोन ठोके घडवून आणण्यासाठी इंजिनाला बाहेरून कोणीतरी फिरवावेच लागते. चूल पेटण्यापूर्वी ती फुंकावी लागते, तसाच हा प्रकार.

हे फिरविण्याचे काम पूर्वी मनुष्य करीत असे. मोटारीच्या पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवीत. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडण्याचे भय. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हे कष्ट व धोका हळूहळू नाहीसे झाले. आपल्याकडे गॅरेजमध्ये यालाच 'सेल्फ' म्हणतात. किल्ली फिरविली की बॅटरीची वीज सेल्फला मिळते आणि सेल्फ इंजिनाला मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवितो. इंजिन पेटले, म्हणजे ते स्वतःच्या बळावर मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्या घेऊ लागते, आणि सेल्फचे काम संपते.

म्हणून गाडी सुरू होत नाही, एवढेच सांगणे म्हणजे वैद्याला 'बरे वाटत नाही' असे सांगण्यासारखे आहे. किल्ली फिरविल्यावर इंजिन मुळीच फिरत नसेल, नुसता 'टक्' आवाज येत असेल, तर दोष बॅटरी, तिच्या तारांची टोके किंवा सेल्फ यांत शोधावा. उलट इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर सेल्फ निर्दोष ठरतो आणि बॅटरीतही पुरेसा जीव आहे असे समजते. पहा, एकही स्क्रू न उघडता, नुसत्या कानाने, आपण दोन मोठे संशयित सोडून दिले! फिरण्याचा आवाज मंद असेल, तर बॅटरी अशक्त आहे. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ चालू असताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर ठिणगीसाठी लागणारी वीज अपुरी पडू शकते.

आता इंजिन फिरते आहे. तरी पेटत का नाही? त्याला पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलचे मिश्रण ही पहिली. एक किलो पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. दुसरी गोष्ट जोरदार ठिणगी. तिसरी दाब, मिश्रण सिलिंडरात पुरेसे दाबले गेले पाहिजे, आणि साधारण मोटारीत ते मूळच्या सुमारे नवव्या-दहाव्या हिश्श्याइतके दाबले जाते. या तिन्हींना एक चौथी अट जोडलेली आहे, ती म्हणजे वेळ. ठिणगी पडली, पण दट्ट्या वर येण्याच्या फार आधी अथवा नंतर पडली, तर तिचा उपयोग नाही. घंटा वाजण्यापूर्वी किंवा शाळा सुटल्यावर वर्गात येणारा विद्यार्थी जसा हजर असून गैरहजर, तशीच ती ठिणगी!

शेकडो भागांच्या इंजिनात दोष कोठेही असू शकेल, असे पाहून आपण गांगरून जातो. मेस्त्री गांगरत नाही, याचे कारण त्याला भागांची नावे अधिक ठाऊक असतात एवढेच नव्हे. तो भाग मोजीतच नाही. तो प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक प्रश्न असा निवडतो की त्याच्या उत्तराने निम्मे संशयित बाद व्हावेत. आठ संशयित असतील, तर असे तीन प्रश्न पुरतात. बत्तीस असतील, तर पाच. गणिताच्या तासाला आपण दोनाचे घात शिकतो, ते या रीतीने गॅरेजमध्ये उपयोगी पडतात.

त्या दिवशी मेस्त्रींनी काय केले, ते आता क्रमाने सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेवटी कधी चालली होती, आणि त्यानंतर काय घडलं?" मी पाण्यातून गाडी काढल्याचे सांगितले. इतिहास विचारणे ही निदानाची पहिली पायरी होय. गाडी धुतल्यावर बंद पडली, पेट्रोल भरल्यावर बंद पडली, महिनाभर उभी राहून बंद पडली, की कालच दुरुस्ती झाल्यावर बंद पडली, या चार उत्तरांचे मार्ग चार दिशांना जातात. दुसरा प्रश्न होता, "पेट्रोल आहे ना?" हा प्रश्न हसण्यासारखा वाटतो, परंतु टाकीचा काटा खोटे बोलतो, असा त्यांचा अनुभव आहे.

नंतर त्यांनी बॉनेट उघडून वास घेतला. पेट्रोलचा उग्र दर्प येत होता. त्यांनी एक प्लग काढला. त्याचे टोक ओले होते. या एका ओल्या प्लगने अर्धे कोडे सुटले. सेल्फ मारून झाल्यावर प्लग कोरडा निघाला असता, तर पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोचत नाही असे समजून टाकी, पंप, गाळणी आणि कार्ब्युरेटर या वाटेने जावे लागले असते. प्लग ओला, याचा अर्थ पेट्रोल येते, पण पेटत नाही. म्हणजे संशय ठिणगीवर.

आता ठिणगीचा मार्ग पाहू. बॅटरीचे बारा व्होल्ट ठिणगी पाडण्यास अगदीच अपुरे असतात. कॉईल नावाचे उपकरण त्यांचे वीस हजार किंवा अधिक व्होल्ट करते. जुन्या मोटारींत ही वीज एका जाड तारेने डिस्ट्रिब्युटरकडे जाते. त्याच्या झाकणाखाली फिरणारा दांडा ती वीज पाळीपाळीने चारही प्लगांना वाटून देतो, पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढीत जातो तशी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर या वाढप्याला त्या एका मिनिटात सहा हजार वेळा वाढावे लागते.

मेस्त्रींनी हा मार्ग मध्येच तोडून तपासला. कॉईलकडून येणाऱ्या मुख्य तारेच्या टोकाशी ठिणगी निळी व जोरदार होती. प्लगच्या तारेच्या टोकाशी मात्र काहीच नव्हते. म्हणजे बॅटरी, किल्ली, कॉईल ही सारी मंडळी निर्दोष. चोरी झाली ती कॉईल आणि प्लग यांच्यामध्ये. मध्ये होते ते झाकण! ते काढले, तो आतून बारीक थेंबांनी भरलेले. तापलेल्या इंजिनावर उडालेल्या पाण्याची वाफ झाली, ती झाकणाखाली शिरली, आणि आम्ही चहा पीत असताना इंजिन निवू लागताच तिचे पाणी झाले. उच्च दाबाच्या विजेला तो ओला थर म्हणजे आडवाटच मिळाली. प्लगकडे जाण्याऐवजी ती झाकणावरूनच इंजिनाच्या लोखंडात निघून गेली. सांद्रीभवन हा धडा मी दर वर्षी शिकवितो. माझ्याच मोटारीत तो घडला, आणि मला ओळखू आला नाही.

एक गोष्ट अजून उरली होती. मी वेड्यासारखा सेल्फ मारीत राहिल्यामुळे सिलिंडरांत पेट्रोल साचले होते. नुसते झाकण पुसून भागले नसते. म्हणून मेस्त्रींनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला. त्यायोगे हवा भरपूर आत जाते आणि जादा पेट्रोल निघून जाते. आजच्या बहुतेक इंजेक्शनच्या मोटारींतही ही युक्ती चालते. पेडल पूर्ण दाबलेले पाहून त्यांतील संगणक फिरविण्याच्या वेळी पेट्रोल सोडणे थांबवितो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. ठिणगीची परीक्षा हा मुलांचा खेळ नव्हे. वीस हजार व्होल्टचा झटका आणि शेजारी पेट्रोलची वाफ, ही जोडी प्राणघातक ठरू शकते. हे काम जाणकाराने, योग्य परीक्षक-साधनानेच करावे. नव्या मोटारींत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. तेथे तार मोकळी धरून ठिणगी पाडण्याचा जुना प्रयोग केला, तर हाताबरोबर महागडा संगणकही जाईल. तुम्ही करावयाचे ते पाहणे, ऐकणे, वास घेणे आणि विचार करणे. तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

कोणी म्हणेल, आता डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर राहिले कोठे? खरे आहे, गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्या रस्त्यांवरील नव्या मोटारींतून ते नाहीसे झाले. परंतु भाग बदलले, तरी प्रश्न बदललेले नाहीत. बहुतेक इंजेक्शनच्या गाडीत किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवून कान द्यावा. मागच्या टाकीतून पंपाची दोनतीन सेकंदांची बारीक गुणगुण ऐकू येते. ती येत नसेल, तर पंप बदलण्याची घाई करू नये. आधी त्याचा फ्यूज, मग रिले, मग तारा, आणि शेवटी पंप, असा स्वस्ताकडून महागाकडे प्रवास करावा. उलट गुणगुण ऐकू आली, म्हणजे पेट्रोल पोचलेच असेही नाही. गाळणी तुंबली असेल, तर आवाज असून दाब नसतो. समोरच्या फलकावर किल्लीचे किंवा कुलुपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही. इंजिन फिरेल, पण संगणक ठिणगी अथवा पेट्रोल देणार नाही. अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहणे हाच पहिला उपाय.

पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही एकाच वेळी नाहीशी झाली असतील, तर? दोन स्वतंत्र दोष एकाच क्षणी उद्भवणे दुर्मीळ. शाळेतल्या सर्व वर्गांत एकाच दिवशी मधली सुट्टी झाली नाही, तर आपण प्रत्येक वर्गाच्या गुरुजींना दोष देत नाही. घंटा वाजविणाऱ्याकडे जातो. इंजेक्शनच्या इंजिनात हा घंटा वाजविणारा म्हणजे क्रँकशाफ्टजवळचा संवेदक. दट्ट्या कोठे आहे, हे तो संगणकाला सांगतो, आणि त्यावरून ठिणगी व पेट्रोल यांची वेळ ठरते. तो मुका झाला, की संगणकाच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही, आणि तो काहीच देत नाही. कित्येक गाड्यांत सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा किंचितही हलत नसेल, तर या संवेदकाचा संशय घ्यावा. त्याखेरीज मुख्य फ्यूज व रिले हेही दोघांचे समान अन्नदाते आहेतच.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, तरी इंजिन पेटत नसेल, तर तिसरी गोष्ट पाहावी, ती दाब. येथे पुन्हा कान कामी येतो. निरोगी इंजिन सेल्फवर एका लयीत दम घेत फिरते, कारण प्रत्येक दाबाच्या ठोक्याला थोडा अडथळा होतो. हा अडथळा नाहीसा होऊन इंजिन एकाएकी हलके, भरभर, एकसुरी फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याचा संभव असतो. मग मात्र किल्लीवरचा हात तत्काळ काढावा. अनेक इंजिनांत अशा वेळी दट्ट्या उघड्या झडपांवर आपटतो आणि थोडक्यातले काम फार मोठे होते. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. तेथे दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. म्हणून त्या वाटेवर डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, तुंबलेली गाळणी आणि थंडीत इंजिन तापविणारे प्लग, यांची चौकशी करावी.

हल्ली संगणकाला जोडून दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. त्याचा उपयोग मोठा आहे. पण तो निकाल नव्हे, साक्ष आहे. अमुक संवेदकाचा संकेत मिळत नाही, असे तो सांगतो. संवेदक बिघडला, की त्याची तार उंदराने कुरतडली, हे तो सांगत नाही. साक्षीदाराने नाव घेतले, म्हणून लगेच फाशी देणारा न्यायाधीश आणि क्रमांक दिसताच भाग बदलणारा कारागीर, दोघांची चूक एकच.

आणि माझी चूक कोणती? मला डिस्ट्रिब्युटर ठाऊक नव्हता, ही नव्हे. एकदा केलेल्या प्रयोगाने जे उत्तर दिले, तेच पुन्हा पुन्हा विचारीत मी बॅटरी संपविली, ही माझी चूक. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा, असा नियम आहे. तो सेल्फ तापू नये आणि बॅटरीला सावरण्यास अवधी मिळावा म्हणून आहे. मला वाटते, त्या अर्ध्या मिनिटात चालकानेही विचार करावा, हा त्याचा दुसरा लाभ. मी तो अर्धा मिनिट घेतला असता, तर पाणी, वाफ, ओलावा ही साखळी कदाचित मला सुचली असती. घाईने वाचविलेल्या मिनिटांची किंमत एका मुलीच्या भाषणाने चुकती झाली.

आयुर्वेदात रोग ओळखण्याला एवढे महत्त्व आहे की, केवळ त्याच विषयाला वाहिलेला 'माधवनिदान' हा ग्रंथ आपल्याकडे प्राचीन काळापासून अभ्यासला जातो. मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक रोगाचे कारण ओळखणे, आणि दुसरा 'कमीत कमी'. उपाय पुढे जमो न जमो, कमीत कमी कारण तरी ओळखावे, असेच जणू आपली भाषा सुचविते.

ती मुलगी आता दहावीत आहे. यंदाच्या १ ऑगस्टला आम्ही पुन्हा त्याच मोटारीने, त्याच रस्त्याने निघालो. मात्र दोन तास आधी. गाडीत बसता बसता तिने विचारले, "सर, कोरडं फडकं घेतलंय ना?"

मी म्हणालो, "घेतलं आहे. पण गाडी अडलीच, तर आधी प्रश्न विचारू; फडकं मागाहून."